खात्यात जमा झाली तेवढीच पेन्शन नव्हे

समजा, निवृत्त अधिकाऱ्याची पेन्शन दरमहा 1,20,000 रुपये आहे. नव्या करपद्धतीनुसार 2025-26 साठी बँकेने दरमहा 7,345 रुपये कर कापला, म्हणून पासबुकात 1,12,655 रुपयेच दिसतात. विवरणपत्रात हाच आकडा भरणे ही नेहमीची चूक.

उत्पन्न म्हणून कापण्याआधीची रक्कम लिहायची: वर्षाचे 14,40,000 रुपये. पेन्शन 'पगार' या सदरात येते, त्यामुळे 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. कापलेले 88,140 रुपये टीडीएसच्या रकान्यात दाखवायचे. त्याआधी बँकेचा फॉर्म 16 आणि आयकर खात्याच्या संकेतस्थळावरचा फॉर्म 26एएस शेजारी ठेवून आकडे ताडून पाहावेत. कापलेला कर 26एएसमध्ये दिसत नसेल तर त्याचे श्रेय अडकते. अशा वेळी बँकेकडून टीडीएसचे विवरण दुरुस्त करून घ्यावे.

पतीच्या पश्चात मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे गणित वेगळे. ते 'इतर उत्पन्न' ठरते. नव्या पद्धतीत त्यातून एक तृतीयांश किंवा 25,000 रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम वजा होते. वर्षाला 2,40,000 रुपये मिळत असतील, तर 2,15,000 रुपये करपात्र धरले जातात.

मुदत ठेवींचे व्याजही विसरू नये. त्यावर टीडीएस कापला नसला, तरी ते दाखवावेच लागते.