मासळीचा वाटा कोणाच्या नावावर?

रायगड जिल्ह्यातल्या बोर्ली पंचतनपासून जवळच भरडखोलची कोळी वस्ती आहे आणि दक्षिणेला श्रीवर्धनचं जीवना बंदर. 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा इथल्या बोटी शाकारून ठेवलेल्या असतात. बंदी उठली की सगळ्यांची एकच घाई, दुसऱ्याच्या आधी मासळीवर पोचायचं. आज आपण पापलेट सोडून दिला तर तो समुद्रात वाढेल याची खात्री कोणी देत नाही. उद्या तो दुसऱ्या बोटीच्या जाळ्यात असतो. म्हणून इंजिन मोठं होतं, जाळं लांबतं, कर्ज वाढतं. मासळी आहे तेवढीच, पण ती ओढून काढायची ताकद वाढत राहते.

महाराष्ट्राने यावर परवान्यांचा उपाय केला. बांगड्या-तारलीच्या थव्याला वेढा घालून, तळ आवळून आख्खा थवा उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडत होते. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालावर 5 फेब्रुवारी 2016 ला राज्याने अधिसूचना काढली. नवे पर्ससीन परवाने बंद झाले, असलेले टप्प्याटप्प्याने 182 वर आणायचे ठरलं आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच राहिला. 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली. 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा 2021 मध्ये दुरुस्त झाला आणि दंड लाखांत गेला.

पाऊल योग्यच होतं. पण परवाना बोट मोजतो, मासळी मोजत नाही. बोटींची संख्या गोठवली तरी प्रत्येक बोटीची ताकद वाढवता येते, आणि चोरून फिरणारी बोट तर कुठल्याच यादीत नसते.

मासळीच मोजायची, हा हस्तांतरणीय कोट्याचा विचार. एखाद्या जातीची या वर्षी किती मासळी काढली तर साठा टिकेल, हे आधी शास्त्रज्ञ ठरवतात. समजा ती हजार टन ठरली आणि एका बोटमालकाचा वाटा दोन टक्के असेल, तर वीस टन त्याचे. ते त्याने ऑगस्टमध्ये पकडावेत की जानेवारीत, घाई उरत नाही. परवडत नसेल तर तो वाटा विकून धंद्यातून बाहेर पडतो. अशा रीतीने जास्तीच्या बोटी सरकारने न हाकलता कमी होतात.

अलास्कात हे घडलं. तिथला हॅलिबट माशाचा हंगाम घाईपायी आकसत आकसत काही ठिकाणी 24 तासांवर आला होता. वादळ असो नसो, त्याच दिवशी समुद्रात जायचं. 1995 मध्ये कोटा आला आणि हंगाम सुमारे आठ महिन्यांचा झाला. ताजी मासळी वर्षातला बराच काळ बाजारात येऊ लागली, बोटी निम्म्याहून कमी झाल्या.

आइसलँडची गोष्ट मात्र नीट ऐकायला हवी. 1984 मध्ये तिथे मागच्या तीन वर्षांच्या पकडीवरून बोटींना वाटे फुकट दिले गेले. 1990 च्या कायद्याने ते मोकळेपणी विकता येऊ लागले, आणि त्याच कायद्यात मासळी राष्ट्राची सामाईक संपत्ती असल्याचंही लिहिलेलं आहे. पश्चिमेकडच्या खाड्यांवरच्या छोट्या गावांतून वाटे मोठ्या कंपन्यांकडे गेले. बोट, बंदर, हात सगळं गावात, पण मासळीवरचा हक्क दुसऱ्याच शहरात. 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने दोन मच्छीमारांच्या तक्रारीवर ही पद्धत भेदभाव करणारी ठरवली.

न्यूझीलंडने 1986 मध्ये कोटा आणला, तेव्हा मूळ रहिवासी माओरींनी न्यायालय गाठलं. 1992 च्या समझोत्याने त्यांना कोट्यात आणि एका मोठ्या मासेमारी कंपनीत हिस्सा मिळाला, नव्याने कोट्यात येणाऱ्या माशांच्या जातींचा पाचवा हिस्साही त्यांचा ठरला. हक्क व्यक्तीला न देता समाजालाही देता येतो, हे त्यातून दिसलं.

भरडखोलला यातलं काय लागू पडेल? जातवार कोटा इथे अवघड आहे. खुंटांना बांधलेल्या डोल जाळ्यात बोंबील, जवळा, कोळंबी, मांदेली एकत्रच येतात. बोंबलाचा कोटा संपला म्हणून जाळ्याला तो वेगळा काढता येत नाही, आणि मेलेला मासा परत फेकून साठा वाचत नाही. शिवाय राज्यात मासळी उतरवण्याच्या जागा दीडशेच्या आसपास. रोजची पकड तिथे टिपून ठेवायला माणसं हवीत, ती नाहीत तोवर कोटा कागदावरच राहील.

पण वाट्याची कल्पना कोळी समाजाला परकी नाही. डोलीचे खुंट ठोकण्याच्या जागा परंपरेने ठरलेल्या असतात. दुसऱ्याच्या खुंटावर कोणी जाळं लावत नाही, आणि वाद झाला तर समाज बसून तो सोडवतो. सरकारने कायद्याचा आधार द्यायचा असेल तर या व्यवस्थेला द्यावा.

बोटींची संख्या कमी करायलाच हवी, पण समुद्रातला हक्क बाजारात मोकळा सोडून नव्हे. परवाना गावाच्या मच्छीमार सोसायटीच्या नावावर असावा. तो सभासदांत फिरावा, गावाबाहेर विकता येऊ नये. जो बोटमालक धंदा थांबवेल त्याला सरकारने बोटीची रास्त किंमत द्यावी, आणि खलाशांच्या पोटाचाही विचार त्यात असावा, कारण बोट गेली की आधी त्यांचा वाटा जातो. या सगळ्याची सुरुवात भरडखोल आणि जीवनाच्या किनाऱ्यावर रोजची पकड लिहून ठेवण्यापासून व्हावी, आणि ती नोंद मत्स्यव्यवसाय खात्याने पुढच्या 1 ऑगस्टपासून सुरू करावी.