कर्ली खाडीतली एकादशी

पहाटे ५.३०
मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक असतं, तरी आधी कालनिर्णय. आज एकादशी; अकराचे पाऊणपट सव्वाआठ. त्या सुमाराला पूर्ण भरती, खाडीत थोडं मागेपुढे. जुने मच्छीमार अजून असंच गणित मांडतात.

६.३०
तारकर्लीच्या वरच्या अंगाला कयाक पाण्याशी आणतो. नवख्यांसाठी वरून उघडी, रुंद बुडाची बरी. आत आलेलं पाणी तळाच्या भोकांतून निघून जातं, पाय अडकायची भीती नाही. पहिल्याच दिवशी माणसाला अरुंद, डुगडुगणारी कयाक देणारेही असतात. का देतात, देव जाणे.

७.००
पुण्याचं कुटुंब आलं. "दादा, मला पोहता येत नाही," काका बायकोपासून लांब जाऊन सांगतात. लाइफजॅकेट चढवून खांद्याला धरून वर ओढून बघतो. कानापर्यंत आलं तर पट्टे सैल आहेत. आणि चपला काढायच्या नाहीत, मागे पट्टा असलेल्याच हव्यात. कांदळाच्या मुळांना कालवं चिकटलेली असतात, तळपाय चिरतात.

७.१५
वल्हवण्याआधी पडायचं, कमरेएवढ्या पाण्यात, मुद्दाम. उलटलेल्या कयाकची पलीकडची कड धरून अंगावर ओढली की ती सुलटी होते. मग मधोमध पोट टाकायचं, पाय मारत राहायचं, कुशीवर वळून बूड टेकवायचं आणि शेवटी पाय वर घ्यायचे. घाईने गुडघा टेकलात की परत पाण्यात. मुलीला लगेच जमलं. काका भरपूर खारं पाणी प्यायले, पण बसले. त्यानंतर त्यांनी कड घट्ट धरून ठेवणं सोडलं. बाकी धडे नंतर दिले तरी चालतात, हा नाही.

७.४५
"काका, दंड नको, कंबर फिरवा!" पातं पावलांजवळ बुडवायचं, कमरेपाशी आलं की बाहेर. वळायचं तर कडेने लांब अर्धवर्तुळ काढायचं. खाडीच्या वरच्या बाजूला निघतो, मतलई वारा तोंडावर घेत. दम असताना वाऱ्याशी झगडावं, दमल्यावर त्याने घरी आणावं. सव्वाआठनंतर ओहोटी लागते, मग पाणीही सोबत. मशीनची होडी गेली की लाटेला नाक द्यायचं, कूस नाही.

११.००
कांदळवनातल्या वाटा आटू लागल्या. कयाक गोड्या पाण्याने धुतो, जॅकेटं सावलीत वाळत घालतो. उन्हात पट्टे कुजतात. जेवण, झोप.

दुपारी ४.३०
आता खारा वारा जोरात, भरतीही आत शिरतेय. म्हणून गट उलट नेतो, मुखाच्या दिशेने. कॉलेजच्या पोरांना थेट त्सुनामी आयलंड गाठायचंय, तिथे फोटो चांगले येतात म्हणे. तिथवरचं अंतर आणि संगमावरच्या लाटा पहिल्या दिवसाच्या नव्हेत. पोरं रुसतात. रुसू देत.

६.००
सूर्य बुडायच्या आत सगळे काठावर. काका संध्याकाळी पुन्हा हजर: कयाक विकत घ्यावी म्हणतात, खडकवासल्याला नेता येईल का? म्हटलं, परवानगी कुठे आहे ते आधी विचारा, आणि पहिली खरेदी लाइफजॅकेटची करा.

"बरं, उद्या दोघांची द्या. हिला मागे बसवतो."

"काकूंना पुढे बसवा. पुढचा माणूस वल्हवेल त्या लयीत मागच्याने वल्हवायचं असतं."

काकू म्हणाल्या, "मग आणखी दोन दिवस राहू या."