सियाझ बंद झाली, म्हणून घेऊ नये का?

एप्रिल 2025 मध्ये मारुती सुझुकीने सियाझची विक्री थांबवली. ऑक्टोबर 2014 मध्ये एसएक्स फोरच्या जागी आलेली ही मध्यम आकाराची सेडान साडेदहा वर्षं बाजारात होती. आता ती फक्त सेकंड हँड मिळते, आणि किंमत ऐकून अनेकांचे डोळे चमकतात. मागे ऐसपैस बसता येतं, डिकी 510 लिटरची, नाव मारुतीचं. पण चार जणांना विचारायला जावं तर चार सल्ले कानावर येतात. ‘बंद पडलेली गाडी कशाला घेता?’, ‘पार्ट मिळणार नाहीत’, ‘रिकॉल झाली होती ती’, ‘डिझेल असेल तर दहा वर्षांनी भंगारात जाईल’. या सल्ल्यांपायी काही घरं चांगली गाडी सोडून देतात, आणि काही जण हे सगळं धुडकावून नेमकी नको ती सियाझ दारात आणतात. दुसरं नुकसान जास्त मोठं आहे.

मुळात ‘सियाझ घ्यावी का’ हा प्रश्नच अपुरा आहे. या एका नावाखाली दोन पेट्रोल आणि दोन डिझेल इंजिनं विकली गेली आणि त्यांचं भवितव्य सारखं नाही. कोणतं इंजिन आणि कोणत्या महिन्यातली गाडी, हे कळल्याशिवाय हो किंवा नाही म्हणताच येत नाही.

‘खराब होती म्हणून बंद केली’

नाही. गिऱ्हाईक एसयूव्हीकडे वळलं आणि सेडान मागे पडल्या. टोयोटाची कोरोला आल्टिस आणि होंडाची सिव्हिक 2020 मध्ये गेल्या, 2021 मध्ये यारिस गेली. पुण्याजवळ चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हेंटोही व्हर्टसला जागा देऊन निघून गेली. सियाझला तर दहा वर्षांत नवी पिढी मिळालीच नाही. मोठा म्हणावा असा बदल ऑगस्ट 2018 मध्ये एकदाच झाला. गाडी जुनी झाली होती हे खरं. सदोष होती म्हणून काढून टाकली, याला आधार नाही.

‘पार्ट मिळणार नाहीत’

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा गैरसमज आहे आणि त्यात थोडं तथ्यही आहे, म्हणून तो नीट सोडवून बघायला हवा.

कंपनी देश सोडून जाणं आणि कंपनीने एक मॉडेल बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनरल मोटर्सने 2017 अखेर भारतात शेवरोले गाड्या विकणं थांबवलं. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये इथलं उत्पादन गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी शोरूमचं जाळं आटतं आणि मालकाला मेकॅनिक शोधत फिरावं लागतं. सियाझच्या बाबतीत मारुतीचं वर्कशॉप तालुक्याच्या गावीही उघडं आहे.

पण नुसतं वर्कशॉप असून भागत नाही. तोच भाग दुसऱ्या किती गाड्यांना लागतो, हे महत्त्वाचं. ऑगस्ट 2018 नंतरच्या सियाझमधलं 1462 सीसीचं पेट्रोल इंजिन अर्टिगा, एक्सएल 6, व्हिटारा ब्रेझा आणि एस-क्रॉस या गाड्यांतही बसवलं गेलं, आणि जिमनीतही तेच आहे. या इंजिनाचे भाग वर्षानुवर्षं मिळत राहणार. 2014 पासूनच्या 1.3 लिटर डिझेलचा मूळ आराखडा फियाटचा. ते स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, ब्रेझा यांच्यात तर होतंच, शिवाय टाटाच्या विस्टा, मांझा, झेस्ट आणि फियाटच्या पुंटो, लिनिया या गाड्यांतही होतं. ते उघडून जोडणारा मेकॅनिक महाराष्ट्रात शोधावा लागत नाही.

आता उलट बाजू. मार्च 2019 मध्ये सियाझमध्ये 1.5 लिटरचं नवं डिझेल इंजिन आलं. ते मारुतीने स्वतः तयार केलेलं होतं, 95 पीएस ताकदीचं, सहा गिअरचं. चालवायला ते 1.3 पेक्षा निश्चित सरस. पण एप्रिल 2020 पासून बीएस 6 नियम लागू झाले आणि कंपनीने डिझेलच सोडलं. म्हणजे हे इंजिन जेमतेम वर्षभर विकलं गेलं, तेही सियाझ आणि अर्टिगा एवढ्याच गाड्यांत. विक्रेता हीच गाडी ‘लेटेस्ट डिझेल’ म्हणून चढ्या भावात दाखवतो. पार्टची खरी काळजी करायची असेल तर ती इथे करा.

इंजिनाखेरीज जे भाग फक्त सियाझचेच, त्यांची गोष्ट निराळी. हेडलॅम्प, टेललॅम्प, बंपर, बोनेट, दरवाजे, मागची काच, आतली प्लास्टिकची फिनिशिंग यांना दुसरी गाडी वारस नाही. आज मिळतील, पुढे ऑर्डर देऊन थांबावं लागेल. म्हणून मेकॅनिकली ठणठणीत पण पुढून ठोकलेली सियाझ ‘बंपर बदलला की झालं’ म्हणून घेऊ नये. फुटलेला हेडलॅम्प विकणाऱ्याकडून आधी बदलून घ्या, मगच बयाणा द्या.

‘रिकॉल झालेली गाडी म्हणजे सदोष गाडी’

पेट्रोल सियाझमध्ये मारुतीची स्मार्ट हायब्रिड प्रणाली 2018 च्या 1.5 इंजिनाबरोबर आली, आणि मोठे रिकॉल तिच्याच एका भागासाठी झाले. आधी तिच्याबद्दलचा एक गैरसमज काढून टाकू. ही गाडी बॅटरीवर चालत नाही. पट्ट्याने फिरणारं एक मोटर-जनरेटर युनिट सिग्नलला थांबलेलं इंजिन पुन्हा सुरू करतं, वेग घेताना थोडा जोर लावतं आणि वेग कमी होताना वीज साठवतं. त्यासाठी नेहमीच्या बॅटरीबरोबर एक छोटी लिथियम-आयन बॅटरी दिली आहे. ‘हायब्रिडची बॅटरी गेली की लाखाचा खड्डा’ ही भीती पूर्ण हायब्रिड गाड्यांच्या मोठ्या बॅटरीवरून आलेली आहे. इथली बॅटरी त्या मानाने अगदी लहान.

खरा प्रश्न आहे मोटर-जनरेटर युनिटचा. डिसेंबर 2019 मध्ये मारुतीने 1 जानेवारी ते 21 नोव्हेंबर 2019 या काळात बनलेल्या सियाझ, अर्टिगा आणि एक्सएल 6 मिळून 63,493 गाड्या या भागाच्या तपासणीसाठी परत बोलावल्या. सप्टेंबर 2021 मध्ये पुन्हा, याच भागासाठी, पाच मॉडेलच्या 1,81,754 पेट्रोल गाड्या बोलावल्या. या वेळचा उत्पादनकाळ होता 4 मे 2018 ते 27 ऑक्टोबर 2020. दुरुस्ती होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, असंही कंपनीने मालकांना सांगितलं होतं. मुंबई-ठाण्यात जुलै महिना काढलेल्या माणसाला या सूचनेचं वजन वेगळं सांगायला नको.

तेव्हा ऑगस्ट 2018 ते ऑक्टोबर 2020 मधली पेट्रोल सियाझ बघत असाल तर रिकॉलची यादी हे तुमचं सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. चेसिस नंबर घ्या आणि मारुतीच्या वेबसाइटवर किंवा वर्कशॉपमध्ये तपासा. काम झालेलं असेल तर त्या गाडीचा हा भाग कंपनीने फुकटात तपासून किंवा बदलून दिलेला आहे, म्हणजे तुमचा फायदाच. काम बाकी असेल तर व्यवहाराआधी मालकाला ते करून आणायला सांगा. रिकॉल झाला यात वाईट काही नाही, रिकॉलकडे मालकाने दुर्लक्ष केलं असेल तर मात्र तो मालक इतर बाबतीतही तसाच वागला असणार, असं मी समजतो. 2022 च्या अखेरीस पुढच्या सीटबेल्टच्या उंची-समायोजकासाठी झालेल्या 9,125 गाड्यांच्या रिकॉलमध्येही सियाझ होती, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

2018 आधीचं 1.4 पेट्रोल इंजिन या सगळ्यापासून मुक्त आहे. साधं, 92 पीएसचं, हायब्रिड नसलेलं. आता ते जुनं झालंय, पण शहरात रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालवणाऱ्याला अजूनही शोभतं.

‘कमी रनिंग, सिंगल हँड, बघायचं काय?’

मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही. म्हणून मीटरवरचा आकडा हा पुरावा धरू नका, कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्टरी काढा. तिथे प्रत्येक भेटीचे किलोमीटर तारखेसह नोंदलेले असतात. त्याच्या जोडीला विम्याची पॉलिसी बघा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस 50 टक्क्यांपर्यंत जातो. सहा वर्षांच्या, एकाच मालकाच्या गाडीवर बोनस शून्य दिसला तर एक तर क्लेम झालाय किंवा विमा मध्येच तुटला होता. दोन्हीचं उत्तर मागायचा तुम्हाला हक्क आहे. टायरच्या बाजूला कोरलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते सांगतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. पंचवीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला सगळे टायर नवे का लागले, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे.

आणि पाणी. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत गाळाची रेघ राहते. गालिचा उचला, सीटच्या रुळांवरचा गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. हायब्रिड पेट्रोल असेल तर ही तपासणी दुप्पट कसून करा.

ऑटोमॅटिक घेणाऱ्यांसाठी थोडं. सियाझचा चार गिअरचा ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टर पद्धतीचा आहे, एएमटी नव्हे. गिअर कमी आहेत, घाटात इंजिन ओरडतं, मायलेज मॅन्युअलपेक्षा थोडं कमी. पण तो दणकट आहे. त्याच काळातल्या व्हेंटोच्या सात गिअरच्या ड्राय-क्लच डीएसजीची मजा याला नाही, आणि त्याच्या मेकॅट्रॉनिक युनिटचा खर्चही याला नाही.

‘डिझेल दहा वर्षांनी भंगार’

दहा वर्षं डिझेल आणि पंधरा वर्षं पेट्रोल ही बंदी दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती होती. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑक्टोबर 2018 ला केलेलं शिक्कामोर्तब तिथल्यासाठीच होतं. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. 2015 ची 1.3 डिझेल सियाझ पुण्यात 2030 पर्यंत विनाअडथळा चालू शकते.

मात्र याच नियमामुळे दिल्लीच्या डिझेल गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. अशा गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी हवी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरायचा आणि नवा नंबर घ्यायचा. हा खर्च धरून हिशेब करा, मग ती स्वस्ताई किती उरते ते दिसेल.

जीएसटी, विमा, आणि नावावर करणं

डिसेंबर 2024 च्या जीएसटी परिषदेनंतर ‘जुन्या गाडीवर 18 टक्के कर’ अशी हाकाटी झाली. हा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या फरकावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. तुम्ही थेट मालकाकडून घेतली तर लागतच नाही. शिवाय 1200 सीसी किंवा जास्त आणि चार मीटरहून लांब पेट्रोल गाड्यांना हा दर आधीपासूनच 18 टक्के होता. 4490 मिलिमीटर लांबीच्या पेट्रोल सियाझसाठी काहीच बदललं नाही.

विम्याचा मुद्दा मात्र बंद मॉडेलसाठी खरंच वेगळा आहे. चालू मॉडेलचं विमामूल्य पाच वर्षांपर्यंत ठरलेल्या घसाऱ्याने निघतं. उत्पादन थांबलेल्या मॉडेलचं मूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरतं. हप्ता वाचवायला ते कमी करून घेण्याचा मोह आवरा. दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते आणि हातात ते कमी केलेलं मूल्यच पडतं.

फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या म्हणजे व्यवहार संपला, असं एजंट म्हणतो. संपत नाही. आरसीवर नाव चढेपर्यंत कायद्याच्या नजरेत जुनाच मालक जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओत अर्ज करायचा असतो आणि विमा 14 दिवसांत स्वतःच्या नावावर वर्ग करून घ्यायचा असतो. तो केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

सुरक्षेच्या बाबतीत ‘मोठी गाडी म्हणजे सुरक्षित’ हे गृहीत धरू नका. सियाझ शेवटपर्यंत दोनच एअरबॅगची राहिली. 2016 मध्ये आसियान एनकॅपने तिला प्रौढ प्रवाशांसाठी चार तारे दिले, पण गाडी घसरताना सावरणारी ईएसपी सगळ्या व्हेरियंटमध्ये यायला फेब्रुवारी 2023 उजाडावं लागलं. घाटरस्त्यावर नेहमी जाणाऱ्या कुटुंबाने या तारखेनंतरच्या गाडीला दोन पैसे जास्त द्यावेत.

माझा कौल असा: नोव्हेंबर 2020 नंतरची 1.5 पेट्रोल मॅन्युअल निर्धास्तपणे घ्या. आधीची असेल तर रिकॉलचं काम झाल्याची खात्री करून घ्या. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर होत असतील तर 1.3 डिझेल अजूनही चांगली. 1.5 डिझेल फक्त बाजारभावापेक्षा ठळक कमी किमतीत, आणि ती ओळखणारं वर्कशॉप जवळ असेल तरच.