कॅनडाच्या पलटणींचे बिल्ले

पोस्टाचीं तिकिटें जमविण्याचा नाद आपणांपैकीं पुष्कळांस असेल. सैनिकांच्या टोपीवरील बिल्ले जमविणें हा त्याच जातीचा, परंतु अधिक चिकित्सेचा छंद होय. आणि ह्या चिकित्सेस कॅनडा देशाच्या बिल्ल्यांइतका वाव क्वचितच कोठें मिळेल.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू होतांच तेथील सेनाखात्याचे मंत्री सॅम ह्यूज यांनीं पूर्वीं आंखलेली भरतीची योजना बाजूस सारली व केवळ क्रमांकांनीं ओळखावयाच्या नव्या पलटणी उभारल्या. हे क्रमांक अखेरीस २६० पर्यंत गेले. सरकारी बिल्ला साधा होता: मॅपल वृक्षाचें पान, त्यावर मुकुट व 'कॅनडा' हें नांव. परंतु आपली पलटण उठून दिसावी ही हौस कोणास नसते? बहुतेक पलटणींनीं त्या पानावर आपला क्रमांक व एखादें निराळें चिन्ह घालून घेतलें. कोणी काम टोरांटोच्या किंवा विनिपेगच्या जवाहिऱ्यास दिलें, कोणी इंग्लंडांत उतरल्यावर बर्मिंगहॅमच्या कारखानदारास. म्हणून एकाच क्रमांकाचे दोन-तीन घाट आढळतात.

जाणता संग्राहक बिल्ला प्रथम उलटा करून पाहतो. पाठीमागें कारागिराचें नांव व क्वचित् सालही असतें. टोपीस अडकविण्याच्या कड्या कीं पट्टी, हेंही तेथेंच कळतें. साच्यावर ठोकून काढलेल्या अस्सल बिल्ल्याच्या रेषा तीक्ष्ण असतात. त्यावरून ओतून केलेली नक्कल धातु निवतांना आकसल्यामुळें किंचित लहान भरते व तिच्या अंगावर बारीक खळगे दिसतात. मुकुटावरूनही काळ ठरतो. १९०१ नंतरच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी गोल, फुगीर. १९५२ नंतरच्या एलिझाबेथ राणीच्या मुकुटाच्या मध्यभागीं दबलेल्या.

प्रिन्सेस पॅट्रिशिया हिच्या नांवाच्या पलटणीची गोष्ट मौजेची आहे. तिचे पिता ड्यूक ऑफ कॅनॉट हे १८८६ ते १८९० पर्यंत आपल्याकडील मुंबई सैन्याचे सेनापति होते. पुढें ते कॅनडाचे गव्हर्नर-जनरल झाले. ह्या पलटणीसाठीं हॅमिल्टन गॉल्ट यांनीं पदरचे एक लक्ष डॉलर दिले. त्यांच्या पत्नीचें नांव मार्गरीट, आणि मार्गरीट हें एका फुलाचेंही नांव. तेंच फूल बिल्ल्यावर आलें! पुढें त्याची जागा राजकन्येच्या नामाक्षरांनीं घेतली.

येथपर्यंत हा छंद करमणुकीचा वाटेल. परंतु फ्रान्समधील कॅनडाच्या चार डिव्हिजनांत पलटणी अवघ्या ४८. मग उरलेल्यांचें काय झालें? बहुतेक इंग्लंडांतच मोडल्या गेल्या व त्यांचे शिपाई तुकड्यातुकड्यांनीं आघाडीवरील पलटणींत धाडले गेले. गांवच्या मित्रांसह एका क्रमांकाखालीं निघालेला तरुण दुसऱ्याच क्रमांकाखालीं पडला. त्याच्या घरच्या पेटींत बिल्ला एका पलटणीचा, आणि थडग्यावर मॅपलच्या पानाखालीं नांव दुसरीचें. दोन्ही खरीं. पेटींतला बिल्ला परक्याचा समजून कोणी तो विकून टाकिला, तर त्या तरुणानें घर सोडतांना जो क्रमांक अभिमानानें मिरविला, त्याची घरांतील खूणच जाते. कॅनडाच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत त्या युद्धांतील सहा लक्षांहून अधिक सैनिकांचे कागद आहेत. पहिली पलटण सोडून तो दुसरींत कोणत्या दिवशीं गेला, तें त्यांत पाहावयास सांपडतें.