समदुःखी माणसाचा शोध

'समदुःखी' हा शब्द आपण मराठीत फार सैल हाताने वापरतो. गाडी चुकलेले दोन प्रवासी एकमेकांना समदुःखी म्हणवून घेतात. परीक्षेत आपटलेले दोन विद्यार्थीही घेतात. परंतु ज्या दुखण्याविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, तेथे हा शब्द पुऱ्या वजनाने वापरावा लागतो, आणि नेमका तेथेच समदुःखी माणूस शोधून सापडत नाही. स्वादुपिंडाचा कर्करोग हे ते दुखणे. ह्या वाटेने चाललेल्या माणसाला त्याच वाटेवरचा दुसरा मनुष्य का हवा असतो, तो का मिळत नाही आणि कोठे मिळू शकतो, एवढाच आमचा विषय आहे. औषधोपचाराचा अधिकार डॉक्टरांचा. त्यात आम्ही शिरणार नाही.

प्रथम त्या अवयवाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे पसरलेले असते. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर. अन्न, विशेषतः तेल-तूप पचवणारे रस आतड्यात सोडणे आणि इन्सुलिन रक्तात सोडणे, ही त्याची दोन मुख्य कामे. ते इतके खोल असल्यामुळे तेथील गाठ हाताला लागत नाही आणि आरंभी बहुधा दुखतही नाही. पित्ताची नळी त्याच्या डोक्याकडच्या भागातून जाते, म्हणून कित्येकदा पहिली खूण दिसते ती काविळीची. आणि कावीळ म्हटली की आपल्याकडे पहिली धाव असते ती काविळीचे औषध देणाऱ्याकडे. त्यात आठवडेच्या आठवडे जातात. निदान होते त्या वेळी शंभरांपैकी पंधरा-वीस रोग्यांचीच गाठ शस्त्रक्रियेने काढता येण्यासारखी असते. अमेरिकेतील अलीकडचे आकडे पाहिले तर निदानानंतर पाच वर्षांनी हयात असणारे शंभरांत सुमारे १३ भरतात.

हे आकडे कोणाला भिववण्यासाठी दिलेले नाहीत. समदुःखी का मिळत नाही ह्याचे उत्तर त्यांत आहे, म्हणून दिले. स्तनाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. अमेरिकेत टेरेस लॅसर ह्या बाईंनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर, १९५२ साली, इस्पितळात पडलेल्या दुसऱ्या स्त्रियांना भेटायला जाण्यास सुरुवात केली. हात वर कसा उचलावा, कपडे कसे बेतावे, नवऱ्याशी काय बोलावे, हे त्या सांगत. त्यातून पुढे मोठी चळवळ उभी राहिली, कारण त्या रोगातून उठलेल्या आणि पुढे वीस-तीस वर्षे जगलेल्या बाया होत्या. स्वादुपिंडाच्या बाबतीत शिकलेला मनुष्य शिकवण्याआधीच निघून जातो. रँडी पॉश ह्या अमेरिकी प्राध्यापकाचे २००७ सालचे अखेरचे व्याख्यान पुष्कळांनी ऐकले असेल. त्याला हाच रोग होता. मार्च २००८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसपुढे साक्ष देताना त्याने ह्याच अर्थाचे सांगितले, की ह्या रोगाची बाजू मांडायला माणसे उभी राहत नाहीत, कारण ती तेवढी जगतच नाहीत. त्याच वर्षी २५ जुलैला तोही गेला.

शिवाय आपल्याकडे तोंडाच्या किंवा गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या मानाने हा रोग विरळा. तालुक्याच्या गावी दुसरा रोगी असेलच असे नाही, आणि असला तरी त्याच्या घरच्यांनी तो झाकून ठेवलेला असतो.

आमच्या घरी हे दुखणे २०२१ च्या दिवाळीत आले. आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, साताऱ्याहून मुंबईला उपचारासाठी जाऊ लागले. शस्त्रक्रिया होण्यासारखी नव्हती. दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध. पहिल्या चार महिन्यांत त्यांचे वजन ११ किलोंनी उतरले. वहिनी शिरा करीत, तुपाचा हात सैल सोडीत, आणि तेवढेच पोट अधिक बिघडे. आम्ही सर्वांनी मनाशी ठरवून टाकले की रोग वाढतो आहे. दादांनीही ठरवले असावे. ते बोलत नसत.

मार्चमध्ये एके दिवशी औषध चढवण्याच्या दालनात शेजारच्या खुर्चीवर सांगोल्याकडचे एक प्राथमिक शिक्षक बसले होते. दुखणे तेच. अर्धा तास इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्यांनी सरळ विचारले, "दादा, राग मानू नका, पण शौचाला चिकट होते का? पाण्यावर तरंगते का?" हा प्रश्न चार महिन्यांत आमच्यापैकी कोणी विचारला नव्हता आणि दादांनी कोणाला सांगितले नव्हते. दादा हो म्हणाले. "मग त्या पचनाच्या कॅप्सूल कधी घेता?" जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने, असे दादांनी सांगितले; कारण औषधाच्या दुकानदाराने पाकिटावर 'जेवणानंतर' असे लिहून दिले होते. गुरुजींनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अहो, ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची, आणि जेवण लांबले तर मध्येही. ती अन्नात मिसळली पाहिजे. मीसुद्धा दोन महिने असाच वाळलो."

डॉक्टरांना विचारले. त्यांनी लगेच होकार दिला, मात्रा वाढवली, आणि फाईल उघडून दाखवली, तर तेथे 'जेवणाबरोबर' असे इंग्रजीत लिहिलेलेच होते. दोष कोणाला देणार? रोग्याचे स्वादुपिंड जो रस देत नाही तो ह्या कॅप्सुलांतून द्यायचा असतो. अन्न पुढे निघून गेल्यावर तो पोचला तर त्याचा उपयोग काय? पुढील दोन महिन्यांत दादांचे वजन तीन किलोंनी वाढले. रोग बरा झाला नाही; परंतु दादा पुन्हा जेवू लागले, आणि संध्याकाळी नाक्यापर्यंत जाऊ लागले.

ह्या प्रसंगात समदुःखी माणसाने नेमके काय दिले ते नीट पाहण्यासारखे आहे. धीर दिला असे म्हणणे अपुरे होईल. धीर आम्हीही देत होतो, आणि आमच्या धीराचे ओझेच दादांना होत असे. कारण आम्हांला बरे वाटावे म्हणून त्यांना चेहरा सावरून बसावे लागे. गुरुजींपुढे त्याची गरज नव्हती. लाज ज्या ठिकाणी आड येते त्या ठिकाणचे ज्ञान त्यांच्याजवळ होते, आणि ते विचारण्याचा अधिकारही होता. पुढे त्यांच्याकडूनच कळले की ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध घेतल्यावर काही दिवस थंड पाण्याला हात लावला तर विजेसारख्या मुंग्या येतात, म्हणून फ्रिजमधले भांडे काढताना हातमोजे घालावे. पित्ताच्या नळीत बारीक नळी बसवलेली असताना हुडहुडी भरून ताप आला तर सकाळची वाट पाहू नये, तडक इस्पितळ गाठावे. ह्या कॅप्सुला डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात, हेही त्यांनीच दबक्या आवाजात सांगितले. आमचे घर माळकऱ्यांचे. दादांनी दोन दिवस विचार केला आणि औषध म्हणून घ्यायचे ठरवले. दुसरा कोणी वेगळे ठरवील. पण ठरवण्याआधी कळले तर पाहिजे.

येथे कोणी विचारील, अशा सोबतीने आयुष्य वाढते काय? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. डेव्हिड स्पीगेल ह्यांनी १९८९ साली स्तनाचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून एकदा गटात बसणाऱ्या स्त्रिया इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष अधिक जगल्या, असे त्यात दिसले. मोठी खळबळ उडाली. परंतु २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे झाला, तेव्हा आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली, आणि ज्या आरंभी अधिक खचलेल्या होत्या त्यांच्यात विशेष. आम्हांला हा दुसरा निष्कर्षच मोलाचा वाटतो. सोबतीकडून आयुष्याची हमी मागितली की जो लवकर जातो त्याच्या माथी 'तू मन घट्ट केले नाहीस' असा दोष येतो. त्यासारखा दुष्टपणा नाही.

ह्या विषयावर बोललो त्या संध्याकाळी श्रोत्यांकडून ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या चार एकाच प्रश्नाच्या होत्या: रोग्याला रोगाचे नाव सांगावे काय? आमचे उत्तर असे, की त्याला ऐकायचे असेल तर सांगावे. आणि ऐकायचे आहे की नाही हे त्यालाच विचारावे. घरचे लोक मायेपोटी 'पोटात गाठ आहे' एवढ्यावर भागवतात. परंतु ज्याला आपल्या दुखण्याचे नावच ठाऊक नाही तो आपल्यासारखा दुसरा शोधणार कसा? शेजारच्या खुर्चीवर तो बसलेला असूनही ओळख पटत नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१८ च्या फेब्रुवारीत आजारी पडले. रोगाचे नाव त्यांच्या मंत्रिमंडळातील आरोग्यमंत्र्यांनी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे सांगितले. जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना पर्रीकरांनी विधानसभेत अंदाजपत्रक मांडले, ते दृश्य सर्वांनी पाहिले. १७ मार्चला ते गेले. त्यांच्या राजकारणाशी येथे कर्तव्य नाही. पण आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत 'स्वादुपिंड' हा शब्द त्या वर्षी प्रथम उच्चारला गेला.

आता शोधावे कोठे? मुंबईत कर्करोगातून उठलेल्या वंदना गुप्ता ह्यांनी १९९४ साली 'व्ही केअर' ही संस्था काढली. तिच्या कार्यकर्त्यांत स्वतः हे दुखणे भोगलेले लोक आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावचे रोगी आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. अशा ठिकाणी व्हरांड्यात बसून जे शिकायला मिळते ते पुस्तकात नसते. अमेरिकेत १९९९ पासून ह्या एकाच रोगासाठी 'पॅनकॅन' नावाची संस्था आहे. रोग्याची अवस्था आणि उपचार पाहून तशाच दुसऱ्या माणसाशी ती त्याची फोनवर गाठ घालून देते. आपल्या इस्पितळांत अशी सोय नसली तरी औषध देणाऱ्या परिचारिकेला किंवा आहारतज्ज्ञ बाईंना सांगून ठेवावे, की ह्याच दुखण्याचे कोणी बोलायला तयार असेल तर आमचा फोन त्यांना द्या. आपण त्यांचा नंबर मागू नये. आपला देऊन ठेवावा. म्हणजे कोणाचे गुपित फुटत नाही. आणि रोगीच पाहिजे असा हट्टही धरू नये. गेलेल्या रोग्याची पत्नी, मुलगा, बहीण ह्यांच्याजवळ सारे ज्ञान शिल्लक असते. ते कोणी विचारत नाही इतकेच. मुक्तांगणासारख्या ठिकाणी व्यसनातून सुटलेले लोकच दुसऱ्यांना सोडवायला उभे राहतात. येथे बहुधा मागे राहिलेल्यांनाच उभे राहावे लागेल.

धोकेही सांगितले पाहिजेत. समदुःखी म्हणून येणारा प्रत्येक जण गुरुजींसारखा असत नाही. एक गृहस्थ दादांना कसलासा काढा विकू पाहत होते, आणि त्यासाठी इस्पितळातले औषध सोडा म्हणत होते. त्यांच्या घरी रोगी होता हे खरे; पण औषध बंद कर म्हणणाऱ्या सोबत्याला नमस्कार करून उठावे. दुसरा धोका तुलनेचा: त्याची गाठ आकसली, माझी का नाही? तिसरा सर्वांत कठीण. सोबती आधी जातो.

गुरुजी २०२२ च्या श्रावणात गेले. दादांना सांगावे की नाही ह्यावर घरात वाद झाला. अखेर त्यांनीच फोन लावला आणि गुरुजींच्या पत्नीने सांगितले. दादा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ओळख झाली नसती तर हे दुःख नसते झाले." मग थोड्या वेळाने, "पण मग मी त्याच्या आधीच गेलो असतो." पुढच्या खेपेला त्यांनी परिचारिकेजवळ आपला नंबर लिहून दिला.

दादा पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत गेले. तो नंबर आता वहिनींजवळ असतो. महिन्याकाठी एखादा फोन येतो, बहुतेक बायकांचा. वहिनी फार बोलत नाहीत. समोरची बाई रडत असली तर रडू देतात, आणि मग विचारतात, त्या कॅप्सुला तुम्ही कधी देता?