लंपी आला कुठून, आणि मेलेले जनावर पुरायचे कोणी?

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके दुधाचे. भीमा आणि घोड नदीच्या पाण्यावर ऊस वाढला, उसाच्या वाढ्यावर संकरित गाई वाढल्या. आज कितीतरी घरांचा किराणा, मुलांची फी आणि दवाखान्याचा खर्च दुधाच्या पगारावर चालतो. आपल्या समाजात अनेकांना जमीन नाही, पण दारात एखादी गाय किंवा दोन शेळ्या असतात. काही जण दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढायला, धारा काढायला जातात. म्हणून जनावरांच्या साथीबद्दल आरोग्याच्या पानावर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

लंपी त्वचारोग पहिल्यांदा नोंदला गेला तो १९२९ मध्ये, आफ्रिकेतल्या आजच्या झांबिया देशात. गाईंच्या अंगावर गाठी दिसल्या तेव्हा विषबाधा झाली असेल किंवा कीटक चावले असतील, असे लोकांना वाटले. हा देवीच्या जातीचा विषाणू आहे, हे नंतर समजले. साठ वर्षे तो बहुतेक आफ्रिकेतच राहिला. १९८८ मध्ये इजिप्त, १९८९ मध्ये इस्रायल, २०१३ मध्ये तुर्कस्तान असा तो पुढे सरकला. २०१९ मध्ये बांगलादेशात आणि त्याच वर्षी आपल्या ओडिशात त्याची नोंद झाली. महाराष्ट्रात २०२० मध्ये गडचिरोलीकडे तो दिसला. मोठी साथ मात्र ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातून सुरू झाली आणि काही आठवड्यांत राज्यभर पसरली. सप्टेंबरमध्ये सरकारला जनावरांचे बाजार आणि वाहतूक बंद करावी लागली.

हा विषाणू मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत एका जनावरातून दुसऱ्यात जातो. पण माशी फार लांब उडत नाही. शेकडो किलोमीटरचा प्रवास होतो तो टेंपोत भरलेल्या जनावराबरोबर. बाजारात घेतलेली गाय वरून धडधाकट दिसते, पण अंगात रोग मुरत असतो. गाठी दिसेपर्यंत साधारण चार ते चौदा दिवस जातात, आणि तोवर ती नव्या गोठ्यात इतर जनावरांशेजारी बांधलेली असते.

माणसाने जनावर हलवले की रोग हलतो, हे परदेशातल्या हरणांच्या एका रोगातही दिसले आहे. ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ म्हणजे जनावर झिजत झिजत मरते असा रोग. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, संशोधनासाठी कोंडलेल्या हरणांत तो प्रथम दिसला. १९८१ मध्ये तिथल्या जंगलातल्या एल्क या मोठ्या हरणात सापडला. पुढे एल्क पाळण्याचा धंदा वाढला, आणि १९९६ मध्ये कॅनडातल्या अशाच एका फार्मवर रोग निघाला. कॅनडातून विकत नेलेल्या एल्कबरोबर तो समुद्र ओलांडून दक्षिण कोरियात पोहोचला. त्याचे कारण विषाणू नाही, तर मेंदूतले बिघडलेले प्रथिन, म्हणजे प्रिऑन. त्यावर लस नाही, औषध नाही. मेलेल्या हरणाच्या अवशेषातून हे प्रिऑन मातीत वर्षानुवर्षे टिकते. माणसाला हा रोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही आणि भारतात त्याची नोंद नाही. तरी धडा आपल्याही कामाचा आहे. दौंडला लागून सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. तिथले चिंकारा आणि गावची गुरे यांचे माळरान शेजारी शेजारीच आहे. राजस्थानात बिकानेरकडे चिंकाऱ्यालाही लंपी झाल्याचे आढळले आहे.

वस्तीवर आम्हाला हमखास विचारतात, लंपी झालेल्या गाईचे दूध प्यावे का? लंपी माणसाला होत नाही. पण कोणतेही दूध उकळूनच प्यावे, कारण ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू कच्च्या दुधातून येऊ शकतात.

आता मुख्य प्रश्न. जनावर मेले तर ते ओढायचे आणि पुरायचे कोणी? साथीत रोज जनावरे मरू लागली की जुन्या सवयीने काही जणांचे पाय आपल्याच वस्तीकडे वळतात. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास सांगितले, आणि आपली मेलेली जनावरे सवर्णांनी स्वतः पुरावीत असे आवाहन त्या परिषदेने केले. आज हा नुसता स्वाभिमानाचा प्रश्न राहिलेला नाही, तो कायदा आहे. अनुसूचित जातीच्या माणसाला मेलेले जनावर वाहायला किंवा त्याची विल्हेवाट लावायला लावणे, हा ॲट्रॉसिटी कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा असल्याने हे संरक्षण आपल्यालाही आहे.

यात आरोग्याचाही भाग आहे. जनावर कशाने मेले हे माहीत नसते. ते अचानक मेले असेल, नाकातोंडातून काळे, न गोठणारे रक्त येत असेल, तर तो फाशी म्हणजे ॲन्थ्रॅक्स असू शकतो. तो माणसाला होतो, जीवही घेतो, आणि त्याचे बीजाणू मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात. असे जनावर कापू नये, सोलू नये, उघड्या हाताने ओढू नये.

म्हणून एवढे लक्षात ठेवूया :

• विकत आणलेले जनावर निदान चार आठवडे वेगळे बांधा. त्याची बादली, दोर वेगळा ठेवा.

• ताप, गाठी, पायाला सूज दिसली, दूध कमी झाले, तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा.

• निरोगी जनावरांना लस टोचून घ्या. गोठ्यात शेण, पाणी साचू देऊ नका. गोचीड काढा.

• जनावर दगावले तर आधी पंचनामा करून घ्या. २०२२ च्या साथीत सरकारने गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरवली होती. एकच गाय असलेल्या घराने हा हक्क सोडू नये.

• पुरण्याची जबाबदारी मालकाची आणि ग्रामपंचायतीची. विहीर, ओढ्यापासून दूर, जेसीबीने आठ फूट खड्डा, वर-खाली चुना. जो कोणी स्वखुशीने हे काम करील, त्याला हातमोजे, गमबूट आणि योग्य मजुरी मिळालीच पाहिजे, मग तो कोणत्याही जातीचा असो.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय साथ येण्याआधीच मांडा. जेसीबी कोण देणार, चुना कुठून येणार, जागा कोणती, हे ठरवून ठराव लिहून घ्या. ठराव असला की रात्री कोणी दार वाजवले तर तो दाखवता येतो. जय भीम.