मंडळाच्या गाडीवर आपली ताई

गेल्या काही बैठकांत एकच विषय पुन्हा पुन्हा निघाला. आमच्याकडच्या तरुण मंडळाने मुलींचा कबड्डीचा संघ केलाय. मुली जीव तोडून खेळतात. पण सामने तालुक्याला, जिल्ह्याला. सामना संपेस्तोवर दिवस मावळतो, गावाकडची शेवटची एसटी निघून गेलेली असते, आणि वडापमध्ये कोण कुठे बसलंय याचा घरच्यांना भरवसा नसतो. मग आठवी-नववीत आल्यावर आई म्हणते, "पुरे झाला खेळ." मुलीला खेळ जड गेलेला नसतो, परतीचा रस्ता जड जातो.

म्हणून मंडळाने बारा-तेरा जणांची गाडी घ्यायचं ठरवलं आणि आम्हाला विचारलं, तुमच्या गटातली एखादी ताई ड्रायव्हर म्हणून येईल का? एक ताई तयारही झाली. तिला चारचाकी येते. त्या निमित्ताने या कामाची जी माहिती आम्ही गोळा केली, ती आज तुम्हाला सांगतो.

"बाईला जमेल का?" हा प्रश्न पहिल्यांदा निकाली काढू. तमिळनाडूत वसंतकुमारी १९९३ साली सरकारी बसवर ड्रायव्हर म्हणून लागल्या. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी रेल्वेचं इंजिन चालवलं. जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड ते नीरा एसटी चालवली. तेव्हा जमण्याचा प्रश्न मिटला. राहिला तो कागदांचा आणि कराराचा.

आधी लायसन्स. पहिल्यांदा शिकाऊ लायसन्स मिळतं. ते सहा महिने चालतं. त्या काळात शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस हवं आणि गाडीला लाल 'एल'ची पाटी हवी. तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. भाड्याची गाडी चालवायला वय वीस वर्षं पूर्ण लागतं. पूर्वी त्यासाठी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली. ज्या बायकांची शाळा लवकर सुटली, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

गाडी भरून साडेसात हजार किलोच्या आतली असेल, तर ती हलक्या वाहनात मोडते. अशी प्रवासी गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. मंडळाची गाडी यात बसते. त्याहून मोठ्या बससाठी मात्र जड वाहनाचं लायसन्स काढावं लागतं. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या ड्रायव्हरला आपल्या राज्यात बॅजही घ्यावा लागतो. त्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी आरटीओ कार्यालयातूनच घ्या, एजंटाच्या तोंडची नको.

आता गाडीचे कागद. गाडीची पाटी बघा. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापराची, पिवळ्या पाटीची भाड्याची. मुलींकडून महिन्याला पैसे घ्यायचे आणि गाडी पांढऱ्या पाटीची, हे चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. विमा, पीयूसी, फिटनेस, परमिट यांच्या मुदती एका वहीत लिहून ठेवा. बचतीचे हप्ते आपण लिहितो ना, तसंच. त्या वहीची एक प्रत ताईकडे असू द्या, कारण रस्त्यात गाडी अडवली की कागद तिच्याकडेच मागतात.

काम रोजचं काय? निघण्याआधी चाकांतली हवा, स्टेपनी, ब्रेक, पुढचे-मागचे दिवे बघायचे. औषधाची पेटी भरलेली आहे का ते बघायचं. मुलींची नावं आणि घरचे फोन नंबर एका कागदावर ठेवायचे. चढताना मोजायच्या, उतरताना पुन्हा मोजायच्या. परतताना प्रत्येकीला तिच्या दारात किंवा घरचं माणूस उभं असेल तिथे सोडायचं, फाट्यावर नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही. पालकांचे फोन सोबतची मोठी मुलगी घेईल. काही झालंच तर रुग्णवाहिकेला १०८ आणि पोलिसांना ११२.

इथवर मंडळाचं आणि आमचं एकमत होतं. पुढे गाडी अडली. मंडळातली मुलं म्हणाली, संघ आणि सोबतची माणसं मिळून अठरा जणी होतात, एका खेपेत बसवू, मुली बारीकच आहेत. ताईने स्पष्ट सांगितलं, जितक्या सीट तितक्याच मुली. कुणी म्हणालं, पगार मंडळ देणार, मग मंडळाचं ऐकायला नको?

आमचं म्हणणं इथेच आहे. कायद्याने जादा प्रवासी बसवले तर माणशी दोनशे रुपये दंड आहे. दंड वर्गणीतून भरता येईल. पण वळणावर गाडी कलंडली, तर गुन्हा ड्रायव्हरवर, आणि जीव आपल्या लेकींचा. ज्या आया बाई ड्रायव्हर आहे म्हणून मुलीला पाठवायला तयार झाल्या, त्या पुन्हा कुणालाच पाठवणार नाहीत. तेव्हा स्टेअरिंग ताईच्या हातात द्यायचं असेल, तर "नाही" म्हणायचा हक्कही तिच्याच हातात द्यायला हवा. जादा माणसांना नाही, धुवांधार पावसात ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना नाही, ब्रेक कमी लागतोय तेव्हा नाही.

आणि ती थकलेली असेल तेव्हाही नाही. ही गोष्ट मंडळाला सांगावी लागली, आपल्यालाही एकमेकींना सांगावी लागेल. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, दिवसभर भांगलायचं आणि रात्री मुलींना आणायला निघायचं, हे होता कामा नये. गाडी चालवताना डोळा एक क्षण लागला तरी पुरे. मोटार कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात (तो २०२५ पर्यंत होता) दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. तो पाच किंवा जास्त कामगार असतील तिथे लागू होता, पण माप म्हणून आपण तोच धरू. सामन्याच्या दिवशी ताईच्या घरची चूल दुसऱ्या कुणी सांभाळावी. तिच्या नवऱ्यानेही!

पगाराचं बोलणं आधीच करा. खेपेवर पैसे ठरवले तर सामना चार तास लांबला की ते चार तास फुकट जातात. म्हणून महिन्याचा पगार ठरवा आणि थांबायचा वेळ कामात धरा. डिझेल आणि दुरुस्ती मंडळाकडे. मुक्काम पडला तर जेवण आणि मुलींसोबत झोपायची सोय मंडळाने करायची.

आमच्याकडे हे सगळं एका कागदावर लिहिलं, मंडळाने आणि गटाने सह्या केल्या. सामन्याला आता दोन खेपा ठरल्यात. दुसऱ्या खेपेच्या डिझेलचा भार मंडळाने उचललाय.

तुमच्या गावातही अशी गाडी निघणार असेल, तर गाडीचा रंग ठरायच्या आधी हा कागद करा. आणि गटात कुणाला गाडी शिकायची असेल, तर पुढच्या बैठकीत तिचं नाव लिहून घ्या. शिकायच्या फीसाठी अंतर्गत कर्ज देता येईल का, हेही त्याच दिवशी ठरवा.